आत्याचा पाणवठा

कोरल नापुरूर्लाची चित्रं कुठं कुठं जाऊन बसली आहेत, ते तिचं तिलाही ठाऊक नाही. सिडनीच्या एका वकिलाच्या दिवाणखान्यात एक आहे म्हणतात, जपानमधल्या हॉटेलात एक आहे, आणि कुठल्याशा बर्फाच्या देशात एका बँकेच्या जिन्यात एक लटकलंय. "माझ्यापेक्षा माझे ठिपकेच जास्त फिरले," ती म्हणायची. "मेल्यांना विमानात खाऊपिऊसुद्धा घालत असतील. आणि मला एलिस स्प्रिंग्स गावात जायचं तर भाच्याच्या टोयोटात दोन कुत्र्यांच्या मध्ये बसावं लागतं."

वाळवंटातल्या आमच्या आदिवासी वस्तीच्या चित्रकेंद्रात तिच्यासारखा ठिपका कोणाचा नव्हता. काडीचं टोक रंगात बुडवायचं, टेकवायचं, उचलायचं. ओळ कधी वाकडी नाही, रंग कधी ओघळलेला नाही. हाताला अशी शिस्त, आणि तोंडाला मात्र नावाला शिस्त नाही. दुकानातला पाव शिळा का, दवाखान्यातली नवी नर्स इतकी हडकुळी का, अमकीचा जावई सासूसमोर यायचं नाही या रिवाजाच्या निमित्ताने कामही कसं टाळतो, सगळ्यांचा समाचार घेत घेत दुपारपर्यंत हातभर चित्र पुरं व्हायचं. शेजारच्या चटईवर तिची आतेबहीण मर्टल नुंगाराई बसलेली असायची. ती कमी बोलायची, पण जे बोलायची ते वर्मी लागायचं.

तर या कोरलची एक गोष्ट अशी, की ती रानकांद्याची वाट रंगवायची. लाल टेकडी रंगवायची, कोरडी नदी रंगवायची, आणि तिथंच थांबायची. नदीच्या पुढे पाणवठा आहे. खडकातला, कधी न आटणारा. तो तिने कधी रंगवला नाही.

केंद्र चालवणारा रॉडनी भला माणूस, पण गोरा. तो अधूनमधून म्हणायचा, "कोरल, तुझ्या आत्याच्या चित्रात असायचं ना, एकात एक असे मोठे गोल, पाणवठ्याचे, ते काढ की! लोक तेच मागतात."

"माझे गुडघे दुखतात."

"गोल काढायला गुडघे कशाला लागतात?"

"तू काढून बघ, म्हणजे कळेल."

रॉडनी हसून निघून जायचा. मर्टल मान वर करून एकदा कोरलकडे बघायची, आणि पुन्हा आपल्या रंगात काडी बुडवायची. त्या बघण्यासरशी कोरल पुसलेलीच काडी पुन्हा पुसायला लागायची.

पाणवठा न रंगवण्याचं कारण सांगून टाकते. कोरलला पाणवठ्याचं गाणं येत नव्हतं.

आता ज्याला आमच्याकडचं ठाऊक नाही त्याला वाटेल, यात एवढं काय? एक गाणं नाही येत तर नाही येत. पण ते तसं नाही. जग घडलं तेव्हा बायकांचा एक तांडा रानकांदे खणत खणत या वाळूतून गेला. त्या जिथं बसल्या तिथं जागा झाली, आणि प्रत्येक जागेचं गाणं झालं. टेकडीचं निराळं, नदीचं निराळं, पाणवठ्याचं निराळं. जागा बापाकडून मिळते. मालकिणीने ती गायची, रंगवायची, भावाच्या मुलींना शिकवायची. आणि ज्यांच्या आया त्या जागेच्या, त्या राखणदारणी. त्यांनी शेजारी बसून डोळ्यांत तेल घालून बघायचं. शब्द चुकला, ठिपका चुकला, तर तिथल्या तिथं हात धरायचा. पाणवठा कोरलच्या बापाच्या घराण्याचा. म्हणून कोरल मालकीण. मर्टलची आई त्याच घराण्यातली, कोरलची सख्खी आत्या. म्हणून मर्टल राखणदारीण. ज्या जागेचं गाणं येत नाही तिचे गोल काढायला हात काही मोडत नाही, पण लाज वाटते. कोरलला वाटायची. तेवढी एक गोष्ट तिच्यात चांगली होती असं मी म्हणेन.

मग येत कसं नव्हतं? ऐकलं नव्हतं का? अहो, शंभरदा ऐकलं होतं. लहानपणापासून बायकांच्या घोळक्यात बसून, मांडीवर थाप देत, सगळ्यांच्या आवाजात आवाज मिसळून गायलंही होतं. पण पुढे होऊन गायची ती आत्या. आत्याने पहिला शब्द उचलला की बाकीच्या मागून धरायच्या, आणि कोरल त्यांच्याही मागून. पाणवठ्याचे शब्द जुने आहेत, आपण रोज बोलतो त्यातले नाहीत. कोणी पुढे ओढणारं असलं की ते आपोआप तोंडात येतात, आणि एकटं बसलं की पहिलाच सापडत नाही. पहिला नाही तर पुढचा कुठून येणार?

आत्याचं नाव मी घेत नाही. आमच्याकडे गेलेल्या माणसाचं नाव घेत नाहीत. आवाज ऐकवत नाहीत, फोटो उलटे करून ठेवतात. आत्याच्या नावाची आणखी एक मुलगी शाळेत होती, तिलाही आम्ही तेव्हापासून दुसऱ्याच नावाने हाक मारायला लागलो.

आत्या बाई मोठी होती. दिसायला एवढीशी, काटकुळी, तोंडात सदा तंबाखूचा गोळा. पण ती गायला बसली की कुत्रीसुद्धा गप्प व्हायची. कोरलवर तिचा जीव. "तुझा ठिपका माझ्याहून चांगला आहे गं," म्हणायची, "पण ठिपक्याने पोट भरत नाही जागेचं. इकडे बस. ऐक." कोरल म्हणायची, "ऐकते की. तू कुठं पळून चाललीयस?" तेव्हा तिची पोरं लहान होती, नवरा तापट होता, आणि वाळलेल्या झाडाखाली बायकांचा पत्त्यांचा डाव दिवसभर रंगलेला असायचा. कोरलचं तिथं फार चालायचं. बाईला पत्ते लागतात म्हणजे काय लागतात!

शिवाय कॅसेटी होत्याच. शाळेत एक गोरी मास्तरीण होती, जीव लावणारी. तिने आत्याला चिंचेएवढ्या मायक्रोफोनसमोर बसवून सगळी वाट गाऊन घेतली होती, टेकडीपासून पार पलीकडच्या खाऱ्या तळ्यापर्यंत. कॅसेटी बिस्किटांच्या डब्यात घालून आत्याच्या उशाशी ठेवलेल्या. कोरलला वाटायचं, घाई कसली? डबा आहे.

मग आत्याची मूत्रपिंडं गेली. तिला गावातल्या इस्पितळात यंत्राला लावलं. ती तिथंच गेली, वस्तीपासून, वाळूपासून लांब. बातमी आली तशी कोरलने दगड घेऊन कपाळ फोडून घेतलं, केस मुळापासून कापले. मर्टल पोटची मुलगी, ती सुतकाच्या तळावर जाऊन बसली, बोलायचं बंद, हातांच्या खुणा फक्त. घर रिकामं करायचं काम कोरलकडे आलं. झाडाच्या फांदीने आत्याच्या पावलांच्या खुणा झाडून काढायच्या, आणि तिचं जे जे म्हणून आहे ते जाळायचं. कोरल रडत होती, ओरडत होती, डोळ्यांत धूर, आणि हाताला येईल ते आगीत टाकत होती. घोंगड्या, फ्रॉक, चटई, चहाचं डबडं. आणि बिस्किटांचा डबा.

कोणी अडवलं नाही. अडवणार कोण? तिने काहीच चुकीचं केलं नव्हतं. मेलेल्या माणसाचा आवाज घरात ठेवायचा नाही, हे आम्ही आईच्या दुधाबरोबर पितो. एखादी शहाणीसुरती म्हातारी शेजारी असती तर म्हणाली असती, "अगं, आवाज आहे तो, राखणदारणीकडे दे, कुलपात ठेवील, सुतक फिटलं की काढू." कितीतरी घराण्यांनी तसं केलंय. पण तिथं कोणी नव्हतं, आणि कोरलला त्या घटकेला आत्याशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं. प्लास्टिक वितळून काळं पाणी झालं, तेही तिला आठवतं.

सुतक फिटल्यावर, बऱ्याच काळाने, मर्टलने एकदा विचारलं, "आईचा डबा होता ना गं एक?"

"जाळला."

मर्टलने तळहातावरची वाळू झाडली. मग म्हणाली, "बरोबर केलंस." आणि उठून गेली. तिने शिव्या दिल्या असत्या तर कोरल निदान भांडली तरी असती!

त्यानंतर कोरलचं वेळ मारून नेणं सुरू झालं. बायकांचा मोठा मेळा भरायचा, वाटेवरच्या सगळ्या वस्त्यांच्या बायका ट्रकांत बसून यायच्या, आणि पाणवठ्याची पाळी आली की कोरलचा घसा बसायचा. कधी तिच्या घरी सुतक असायचं, कधी गुडघा. एकदा तर ती भर मेळ्यातून शेपटी भाजायला उठून गेली. कांगारूची शेपटी निखाऱ्यात करपते, हे कारण कोण नाकारणार? दुसऱ्या वस्तीची एखादी म्हातारी तेवढी जागा ओढून न्यायची. पण त्या म्हाताऱ्याही एकेक करून गेल्या. ताकास तूर लागू न देता कोरलने इतकी वर्षं काढली, आणि सगळ्यांना वाटत राहिलं, बाई मानी आहे, उगाच गात नाही.

मग तरिसा मोठी झाली.

तरिसा नाकामारा ही कोरलच्या भावाची मुलगी. शाळेत छोट्यांना शिकवायची, केसांना जांभळा रंग लावायची, फुटबॉलला वेडी. तिला गेलेल्या आत्याचीच जात मिळाली होती, नाकामारा. आमच्यात नावामागची जात बापाची लेकीला लागत नाही, ती अशी फिरत येते, आजीची नातीला. हसणं तेच, तिरकं उभं राहणं तेच. एक दिवस तिने चित्रकेंद्राच्या दारात उभं राहून सरळ विचारलं, "आत्या, या हिवाळ्याच्या मेळ्यात मी पाणवठा नाचणार. मला गाणं शिकव."

कोरलच्या काडीवरचा रंग प्रथमच ओघळला.

"तुला वेळ आहे का? तुझं ते फुटबॉल..."

"फुटबॉल गेलं खड्ड्यात. मला पोरं विचारतात, मिस, तुमची जागा कुठली? मी सांगते, पाणवठा. मग म्हणतात, गाऊन दाखवा."

"शिकवते की. शिकवते. हे चित्र होऊ दे."

मर्टल मान न उचलता म्हणाली, "आईपण हिला असंच बोलवायची. हीच उत्तरं."

कोरल त्या दिवशी पत्त्यांच्या झाडाकडेही गेली नाही. घरी जाऊन पडून राहिली. तोंड उघडून एकटीनेच गाऊन बघितलं, टेकडी येत होती, नदी येत होती. पुढे तोंडात नुसती हवा.

आणि त्याच आठवड्यात रॉडनी पळत आला. परदेशातल्या एका मोठ्या संग्रहालयाने आत्याचं चित्र विकत घेऊन किती तरी वर्षं ठेवलं होतं. ते चित्र काही दिवसांसाठी एलिस स्प्रिंग्सला प्रदर्शनाला येतंय, संग्रहालयाची बाई बरोबर येतेय, आणि तिने घरच्या माणसांना बोलावलंय. "सगळी वाट आहे त्याच्यात," रॉडनी म्हणाला. "टेकडी, नदी, पाणवठा, सगळं."

कोरलच्या अंगात वारं शिरलं. त्या चित्राच्या वेळी आत्या गात गात रंगवत होती, आणि कोरल शेजारी बसून ठिपके भरत होती. ओळीमागून ओळ. ते ठिपके डोळ्यांसमोर आले, बोट त्यांच्यावरून फिरलं, तर गाणं येईल की! गाणं जातं कुठं? त्याच्यातच असणार. "मी येते," ती म्हणाली. "तरिसालाही घ्या. मर्टल, तूही चल. तुझ्याशिवाय मी तोंड उघडणार नाही."

"आता उघडणार आहेस का मग?" मर्टल म्हणाली. पण तिनेही धुतलेला फ्रॉक काढला.

वाटेत टोयोटात कोरलच्या तोंडाचा पट्टा सुरू होता. पेट्रोल पंपावरचा चहा, तरिसाचे जांभळे केस, ड्रायव्हर भाच्याची बायको, कोणालाही सोडलं नाही. मर्टल एकदा म्हणाली, "भ्यायलीस की तू जास्त बोलतेस." मग कोरल गावापर्यंत गप्प बसली.

संग्रहालयाची बाई आनेके, उंच, लाजरी, उन्हाने नाक सोललेलं. तिने मोठ्या प्रेमाने पुढे येऊन आत्याचं नाव घेतलं, पूर्ण, स्पष्ट. तिघींनी माना खाली घातल्या. बाईच्या ध्यानात आलं, तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं, लाल लाल झाली.

"असू दे," मर्टल म्हणाली. "मेलेली माझी आई आहे, तुझी नाही. तुला माफ आहे."

चित्र भिंतीवर टांगलेलं होतं. मोठं, माणसाहून उंच. कोरलने बघितलं आणि तिला ओळखूच येईना. आम्ही चित्र जमिनीवर पसरून काढतो, चारी बाजूंनी बसून. त्याला डोकं नसतं, पाय नसतात. आणि हे उभं केलं होतं, एखाद्या पोराला शिक्षा करावी तसं.

"आता गाणं काय मान वाकडी करून म्हणायचं?" कोरल म्हणाली. "खाली घ्या त्याला."

आनेकेच्या बरोबरचा माणूस नाही नाही म्हणाला. विम्याचं काहीतरी बोलला. आनेकेने चित्राकडे बघितलं, मग या तिघींकडे, आणि म्हणाली, "खाली घेऊ या." पांढरी चादर अंथरली, चित्र तिच्यावर निजवलं. रॉडनी आणि तो माणूस, दोघांना मर्टलने दाराबाहेर काढलं. बायकांचं गाणं आहे, पुरुषांचं तिथं काय काम? आनेकेने हातमोजे पुढे केले, तेव्हा कोरल म्हणाली, "मोजे घालून मला ऐकू येत नाही." आनेके हसली, पण हात लावू नका, एवढं मात्र म्हणाली.

"यंत्रावर गाणं टिपून घेऊ का?" तिने विचारलं. "तुमच्यासाठी. एक आमच्या संग्रहालयात ठेवीन, एक तुम्हाला देईन."

तरिसाने कोरलकडे बघितलं. त्या पोरीच्या चेहऱ्यावर असा आनंद होता, की कोरलला नाही म्हणवेना.

त्या चौघी चित्राच्या चार बाजूंना बसल्या. कोरलने टेकडीवर बोट धरलं, चित्रापासून वितभर वर, आणि गायला लागली. आणि खरंच आलं! लाल ठिपक्यांच्या ओळीबरोबर शब्द आपोआप आले, आत्याचा श्वास जिथं तुटायचा तिथंच तिचाही तुटला. मर्टलने तळहात एकमेकांवर आपटून ठेका धरला. तरिसा मागून गाऊ लागली, आधी पुटपुटत, मग मोकळ्या गळ्याने. टेकडी झाली. नदी आली, कोरडी, पांढऱ्या वाळूची. बायका खणतायत, कांदे काढतायत, पोरांना हाका मारतायत. कोरलच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि तिला त्याचं भान नव्हतं. तिला वाटलं, आता येणार. आता हे बोट पुढे सरकलं की येणार.

बोट पाणवठ्यावर आलं.

एकात एक गोल. काळे, पिवळे, पांढरे. आत्याच्या हाताचे गोल, एका दमात ओढलेले. आणि त्यांच्या मधले ठिपके कोरलचे. कोरलने ते ठिपके बघितले आणि ती जागच्या जागी थिजली. मोठे होते. घाईघाईचे. कुठं दोन एकमेकांत घुसलेले. सगळ्या चित्रात तिचा एवढा गबाळा ठिपका कुठंच नव्हता.

तेव्हाच तिला सगळं आठवलं. आत्याने हाक मारली होती, "कोरल, आपली जागा आली गं. ये. बस." आणि कोरल झाडाखालून ओरडली होती, "तू हो पुढे, आलेच." हातात चांगले पत्ते होते. एक डाव झाला, दुसरा झाला. आत्याने वाट बघितली असेल, मग गायली, एकटीच, आणि गोल ओढले. कोरल आली तेव्हा गाणं संपलेलं होतं. आत्या काही बोलली नाही. काडी तिच्या हातात दिली आणि म्हणाली, "भर." कोरलने भरले, मन अजून पत्त्यांत होतं.

इथं गाणं नव्हतंच. बोट कितीही फिरवलं तरी यायचं नव्हतं.

आणि तरिसा वाट बघत होती. ओठ अर्धवट उघडे, डोळे कोरलच्या तोंडावर.

मग कोरलने काय करावं? तिने नदीची चाल धरली, तीत दोन जुने वाटतील असे शब्द घातले, आणि गायली. आवाज थरथरला, पण कोणाला वाटलं असतं, दुःखाने थरथरला. मर्टलचा ठेका क्षणभर थांबला. तिने कोरलकडे बघितलं. राखणदारणीने इथं हात धरायचा असतो. मर्टलने डोळे मिटले, आणि तिचे तळहात पुन्हा वाजायला लागले.

तरिसाने शब्द उचलले. एकदा म्हटले, दुसऱ्यांदा म्हटले. तिसऱ्यांदा ते तिच्या तोंडात पक्के बसले, जसे काही आजीच्या आजीपासून तिथंच होते.

"थांब," कोरल म्हणाली. "थांब गं. थांब!"

तरिसा दचकून थांबली.

"ते विसर. ते मी मनाने लावलं."

आनेकेला आमची भाषा कळत नव्हती, पण तिने यंत्रावरचा हात काढला.

"म्हणजे?" तरिसा म्हणाली.

"म्हणजे मला येत नाही. हे गोल दिसतायत ना, यातले ठिपके माझे आहेत. ती गात होती तेव्हा मी इथं नव्हते. मी पत्ते खेळत होते. नंतर डबाही मीच जाळला. मला वाटलं, चित्रात असेल. यात काही नाही पोरी. यात नुसता रंग आहे."

"मर्टल आत्या, तुला तरी...?"

"मी ऐकत होते, गात नव्हते," मर्टल म्हणाली. तिचा आवाज चिरका झाला होता. "राखणदारणी गात नाहीत, चुका धरतात. चुकलेला शब्द कानाला कळतो, बरोबर तोंडात येत नाही. आणि आज समोरची चूकही धरली नाही मी. माझ्या आईसमोर, तिच्या चित्राशेजारी बसून मी टाळ्या वाजवल्या!" ती कोरलवर नाही, स्वतःवरच ओरडत होती.

तरिसाने चादरीची दुमडलेली कड सारखी केली. मग म्हणाली, "तुम्ही दोघींनी मला आधी सांगायचं होतं." ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

जाताना कोरलने आनेकेला तिला कळेल अशा इंग्रजीत सांगितलं, टेकडी आणि नदी ठेव. पाणवठ्याचं पुसून टाक, माझ्यासमोर पूस. आनेकेने पुसलं. तिने विचारलं, चित्राशेजारी पाटीवर काय लिहू? मर्टल म्हणाली, "लिही, चांगलं चित्र आहे म्हणून."

हिवाळ्यात मेळा भरला. कोरलला वाटलं होतं, तरिसा येणार नाही. ती आली. मर्टलने तिच्या खांद्यांवर आणि छातीवर गोल काढले, चित्रातल्यासारखे, तसूभरही न चुकता. कोरल समोर बसली. पूर्वेकडच्या बायकांनी आपल्या जागा गायल्या, वाट सरकत सरकत टेकडीवर आली. कोरल पुढे झाली, टेकडी गायली, नदी गायली, तरिसा तिच्याबरोबर गायली, आणि पाणवठा आला तेव्हा दोघी गप्प झाल्या. सगळा मेळा ठेका धरायला हात उचलून बसला होता. ते हात तसेच राहिले. तरिसा उठली, आणि एकही शब्द नसताना पाणवठा नाचली. नुसता पावलांचा आवाज, वाळूत. पश्चिमेकडच्या म्हाताऱ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. त्यांना पुढची जागा कुठून उचलायची ते कळेना. शेवटी एकीने उचलली, आणि वाट पुढे गेली.

नंतर चुलीपाशी तरिसा कोरलशेजारी येऊन बसली. अंगावरचा रंग अजून ओला होता.

"आत्या, उद्या भावाला मुलगी झाली तर तिला मी पाणवठ्याच्या जागी काय शिकवायचं?"

कोरलने चुलीतलं लाकूड आत सारलं. "गप्प चालायला शिकव," ती म्हणाली. "जसं आज चाललीस तसं. तिने का म्हणून विचारलं, तर सांग. माझं नाव घेऊन सांग. मी मेले तरी घे."

"आत्या, असं कोणी सांगतं का?"

"मी सांगते," कोरल म्हणाली. तरिसाने मान खाली घातली, आनेकेने नाव घेतलं होतं तेव्हा घातली होती तशी.